तोफबाईंचे कान

शाळेत बाईंना सगळे तोफबाई म्हणायचे, आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं असं समजायचं काही कारण नाही. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्यांनी "ए लाल मोजे!" अशी हाक मारली, की त्या टोकाचा मुलगा तर थांबायचाच, पण कुंपणाबाहेरून चाललेला एखादा गृहस्थही दचकून आपल्या पायांकडे बघायचा. गळ्यात शिट्टी असायची, ती आपली शोभेला. उभा जन्म मुलांना व्यायाम शिकवण्यात गेला, आणि त्या उभ्या जन्मात बाईंनी घसा फोडला तो एकाच गोष्टीसाठी. उडी कशीही मारा, पण उतरताना मांजरासारखं उतरा! आधी चवडा, मग टाच, गुडघे सैल. "खालच्याला चाहूल लागता कामा नये!" हे सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज चार गल्ल्या ओलांडून जायचा, तो भाग वेगळा. मुलं शहाण्यासारखी माना डोलवायची आणि पोती टाकावीत तशी धपाधप उतरायची. पालथ्या घड्यावर पाणी! ज्यांना बाईंनी तरुणपणी शिकवलं त्यांची पोरं आता वर्गात आली होती, आणि तीही आईबापांसारखीच धपाधप उतरत होती.

त्या वर्षी शाळेचं मैदान खणायला घेतलं. खालून पाण्याचे नवे पाइप जायचे होते आणि वर सिमेंटचा पट्टा व्हायचा होता. चर, मातीचे ढीग, पाइपांच्या राशी. व्यायाम करायला जागा म्हणून उरली नाही. गणिताचे सर लगोलग मुख्याध्यापिकांकडे गेले. सर माणूस वाईट नाही, पण मोकळा तास दिसला की त्यांना राहवत नाही. "मैदानच नाही, तर मोठ्या वर्गाचा तो तास गणिताला द्या," ते म्हणाले. "तसाही व्यायामाचा उपयोग काय होतो? मागच्या वर्षीची परीक्षा आठवतेय ना?"

मागच्या वर्षीची परीक्षा सगळ्यांनाच आठवत होती. समोरासमोर दोन रेषा आखायच्या. भोंगा वाजला की या रेषेवरून पळत त्या रेषेवर जायचं, पुन्हा वाजला की परत. भोंगा हळूहळू जलद होत जातो. ज्याला वेळेत पोचता आलं नाही, तो बसला. तेरा-चौदा वर्षांची ती धडधाकट दिसणारी पोरं भोंगा नीट तापायच्या आत पटापट खाली बसली होती. एकाला तर उभ्याउभ्याच पोटात कळ आली होती.

मुख्याध्यापिका न्यायी बाई. त्यांनी तोफबाईंना बोलावलं आणि स्वच्छ सांगितलं, "मैदान होईपर्यंत फोनवरून घ्या. सकाळी शाळेच्या आधी मुलं आपापल्या घरी, तुम्ही तुमच्या घरी. मैदान मिळालं की मी स्वतः परीक्षा बघेन. तुमच्या लाडक्यांची नाही हं! चिठ्ठ्या टाकीन, पाच काढीन. मी हात वर करेपर्यंत त्यातली तीन उभी राहिली, तर तास तुमचा. नाहीतर सरांचा."

"फोनवरून व्यायाम! म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या," सर म्हणाले. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि बाईंनी त्यांच्या पोटाकडे बघितलं.

पण घरी येईपर्यंत बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. तास गेला तर शाळा काढून टाकणार नव्हती, पण वाचनालयात बसवून पुस्तकांवरची धूळ झटकायला लावली असती. ज्या बाईनं आयुष्यात कधी हळू बोलून पाहिलं नाही, तिला वाचनालयात बसवायचं! त्यापेक्षा काढून टाकलेलं बरं, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. नवरा घड्याळजी. खालच्या खोलीत त्याचं छोटं दुकान होतं आणि स्वभाव घड्याळासारखाच, हळू आणि नेमका. तो म्हणाला, "अगं, आधी फोन कसा उभा करायचा ते तरी बघू."

फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा राहिला. जेवणाचं टेबल भिंतीला लागलं, खुर्च्या उलट्या होऊन टेबलावर चढल्या आणि सकाळी वर्ग सुरू झाला. पहिल्या दिवशी बाईंनी मांजराचं व्याख्यान दिलं. चवडा, टाच, गुडघे सैल, खालच्याला चाहूल लागता कामा नये. फळीवरचे पेले किणकिणले. नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "पोरांचं माहीत नाही, पण आपल्या भांड्यांचा व्यायाम छान होतोय."

पोरांचं मात्र काहीच कळायला मार्ग नव्हता. त्या वयात तोंड दाखवायची कोण लाज! कुणाच्या नाकावर मुरुम आला, कुणाचा आवाज फुटला, कुणाच्या खोलीत धुतलेले कपडे लोंबत होते. फोनच्या पडद्यावर चौकोनच चौकोन, आणि सगळे काळे. "कॅमेरे चालू करा!" बाईंनी तोफ डागली. मग एका चौकोनात फिरणारा पंखा आला, एकात फक्त कपाळ, एकात दाराची कडी. त्या दिवसापासून बाईंनी त्यांची नावंच तशी ठेवली, पंखा आणि कपाळ. पण पंखा बघून त्याखालचा मुलगा उड्या मारतोय की लोळतोय, हे कळणार कसं?

"पोरं मला बनवतायत," बाई त्या संध्याकाळी दुकानात येऊन म्हणाल्या. नवऱ्यानं हातातलं मनगटी घड्याळ कानाला लावलं होतं. तो म्हणाला, "मी घड्याळाची तबकडी बघतो का? आधी ऐकतो. पोटात काय चाललंय ते आवाजावरनं कळतं."

झालं! बाईंना वाटच सापडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "तोंडं नका दाखवू मला. पाय ऐकवा! फोन जमिनीवर ठेवायचा. मी ज्याला हाक मारीन त्यानं माइक चालू करायचा आणि उड्या मारायच्या. बाकीच्यांचे माइक बंद." मग बाई डोळे मिटून ऐकू लागल्या, आणि काय सांगावं, थोड्याच दिवसांत त्यांचा कान असा बसला की मुलं हादरली. फरशी कुणाची, लाकडी फळ्यांची जमीन कुणाची, सतरंजी कुणाची, सगळं कळायला लागलं.

"पंखा! हातातली चप्पल खाली ठेव."

पलीकडून बारीक आवाज आला, "बाई, तुम्हाला कसं कळलं?"

"पायाला दोन ठोके असतात, चवडा आणि टाच. चपलेला एकच असतो. ऊठ, आळशा!"

कपाळाच्या घरून तर दोन माणसांच्या उड्या ऐकू यायच्या. "दुसरं कोण आहे रे?" बाईंनी विचारलं. "आजी आहे, बाई. ती म्हणते मलाही करायचंय." "आजींना म्हणावं उडी नको, जागच्या जागी पावलं टाका. आणि गुडघे सैल!" पलीकडून आजींचा आवाज आला, "ते आपोआपच सैल झालेत हो!" त्या दिवशी सगळा वर्ग माइक चालू करून हसला, आणि गंमत म्हणजे त्यानंतर पोरं वेळेवर यायला लागली.

आठवडे गेले. धापा कमी झाल्या, ठोके लयीत पडायला लागले. पंखा आता चप्पल न घेता उड्या मारायचा आणि स्वतःच ओरडून विचारायचा, "ऐकू येतंय ना, बाई?" "जोरात!" बाई म्हणायच्या. "मला इथपर्यंत ऐकू येऊ दे!" आनंदाच्या भरात मांजर कधीच कोपऱ्यात गेलं होतं, आणि हे बाईंच्या लक्षातही आलं नव्हतं.

काळजी होती ती एकाच मुलीची. वर्गात मागच्या बाकावर बसणारी, लांब वेणीची, विचारल्याशिवाय तोंड न उघडणारी. तिचं नाव बाईंनी 'गुपचूप' असं ठेवलं होतं. तिचा माइक चालू असायचा, दिवा लागलेला दिसायचा, पण आवाज काही नाही. ठोका नाही, धाप नाही. लांब कुठंतरी नळ गळल्याचं ऐकू यायचं, तेवढंच.

"गुपचूप, उड्या मारतेयस ना?"

"हो, बाई."

"मग मला का ऐकू येत नाही? गादीवर बसून हो म्हणतेस होय?"

"नाही, बाई. ते खाली आमच्या..."

"खाली-बिली काही नाही! मला कारणं नकोत, पाय हवेत. नाचता येईना अंगण वाकडं! चल, पुढचा कोण?"

हे रोजचंच झालं. रोज ती "हो, बाई" म्हणायची आणि रोज बाई डोळे मिटून कान टवकारायच्या. काही म्हणजे काही नाही. एवढ्या गुणी दिसणाऱ्या मुलीनं इतकं निर्ढावलेलं असावं, याचं बाईंना वाईट वाटायचं आणि संतापही यायचा. चिठ्ठी हिची निघाली तर? एक आळशी पोरगी सगळ्यांच्या घामावर पाणी ओतणार!

मैदान तयार झालं, परीक्षेचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी बाईंनी गुपचूपला फोन लावला. नवरा समोरच बसून घड्याळाच्या काचा पुसत होता.

"उद्या तुला बरं वाटत नसेल," बाई म्हणाल्या, "तर घरी राहा. मी काही म्हणणार नाही."

"मी बरी आहे, बाई."

"बरं वाटत नसेल तर, असं म्हणतेय मी. ताण घेऊ नकोस. नाही आलीस तरी चालेल."

पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. त्याची तर बाईंना सवयच होती. मग ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

नवरा काच पुसायचा थांबला होता. "काय बघताय?" बाई खेकसल्या. "काही नाही," तो म्हणाला. बाईंना जेवण गेलं नाही. आयुष्यभर ज्यांनी पोरांना ओढून ओढून मैदानावर आणलं, त्यांनी आज एकीला घरी बस म्हणून सांगितलं होतं. आपल्याला हे शोभत नाही, हे त्यांना कळत होतं. पण तास जायची भीती त्याहून मोठी होती.

सकाळी नव्या सिमेंटच्या पट्ट्यावर दोन रेषा आखल्या. पाइपांचे उरलेले तुकडे कुंपणाशी रचून ठेवले होते. मुख्याध्यापिका हातात डबा घेऊन आल्या, डब्यात चिठ्ठ्या. भोंगा गणिताच्या सरांच्या फोनवर होता, तेवढाच त्यांना व्यायाम. तोफबाईंनी वर्गावरून नजर फिरवली. लांब वेणी कुठं दिसली नाही. त्यांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

"एक सांगते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "डब्यात अख्ख्या वर्गाच्या चिठ्ठ्या आहेत. ज्याची निघेल तो आज हजर नसेल, तर तो बसला असं धरणार."

हे बाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं! मूल आलं नाही की चिठ्ठी नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. पहिली चिठ्ठी निघाली कपाळाची. दुसरी पंख्याची. तिसरी लाल मोज्यांची, चौथी वर्गातल्या सगळ्यात बडबड्या मुलीची. पाचवी चिठ्ठी उघडून मुख्याध्यापिकांनी वाचली, आणि ती गुपचूपची होती.

कुणी पुढं आलं नाही. सरांनी फोन सरसावला. "म्हणजे एक बसली," ते म्हणाले. बाईंच्या स्वतःच्याच जिभेनं घात केला होता.

"आहे मी," पाइपांच्या मागून आवाज आला. गुपचूप तिथं वाकून बुटाची नाडी बांधत होती. ती येऊन रेषेवर उभी राहिली. बाईंकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

भोंगा वाजला. पाच जण निघाले, पोचले, वळले. सुरुवातीला सगळं बरं चाललं. मग बडबडी मुलगी पळतापळता शेजारच्याला काहीतरी सांगायला गेली, तिचा श्वास तुटला आणि ती बसली. भोंगा जलद झाला. लाल मोजे वळताना घसरले, सावरले, पण रेषा हुकली. तोही बसला. आता उरले तिघं, आणि तिघंही टिकायलाच हवेत. मुख्याध्यापिकांचा हात काही वर होईना.

बाईंना बघवेना. त्यांनी इतके दिवस रोज सकाळी केलं तेच केलं, डोळे मिटले. सिमेंटवर पावलांचे आवाज खणखणीत येत होते. हा पंखा, डावा पाय जरा जड. हा कपाळ, टाच जास्त. आणि तिसरी? तिसरे पाय नव्हतेच. बाईंनी पुन्हा कान दिला. पंखा, कपाळ, पंखा, कपाळ. बस्स, दोनच. संपलं. बसली पोरगी, गेला तास.

त्यांनी डोळे उघडले. गुपचूप पलीकडच्या रेषेवर वळत होती. वेणी उडत होती, तोंड मिटलेलं, खांदे सैल. दोघांच्या चार पावलं पुढंच होती.

बाईंनी डोळे मिटले. दोनच जण. उघडले. तिघं. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले, आणि मग त्यांची नजर तिच्या पायांवर गेली. आधी चवडा, मग टाच. गुडघे सैल. प्रत्येक पाऊल सिमेंटवर असं उतरत होतं की धूळसुद्धा हलू नये. उभा जन्म ज्याच्यासाठी घसा फोडला, ते समोरून पळत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंच्या डोळ्यांना धार लागली. ती त्यांनी पुसलीही नाही.

मुख्याध्यापिकांनी हात वर केला. कपाळ गुडघ्यांवर हात टेकून उभ्याउभ्याच धापा टाकू लागला. पंखा आडवा झाला आणि आभाळाकडे बघत राहिला. सगळा वर्ग ओरडत धावला. गुपचूप मात्र भोंगा चालू होता म्हणून पळतच होती. शेवटी सरांनीच घाईघाईनं फोन बंद केला आणि म्हणाले, "अगं थांब, बाळ, थांब!"

तोफबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "असं उतरायला कुणी शिकवलं तुला?"

ती गोंधळली. "तुम्हीच, बाई. पहिल्या दिवशी. खालच्याला चाहूल लागता कामा नये म्हणालात. आमच्या खाली भट्टीवाले काका राहतात. रात्रभर पाव भाजतात आणि सकाळी झोपतात. आधी मी नुसतं चालले तरी ते काठीनं छत ठोकायचे. मग तुम्ही सांगितलं तसं करायला लागले, आणि ठोकायचे थांबले." पुढं ती म्हणाली, "मी सांगणार होते. पण तुम्ही म्हणालात, खाली-बिली काही नाही."

"आणि काल मी नको येऊस म्हणाले, तरी आलीस?"

"तुम्ही म्हणालात, बरं नसेल तर. मला बरं होतं."

बाईंनी अख्ख्या वर्गासमोर तिचे दोन्ही हात धरले. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "साफ चुकलं. तुझ्याशी फार वाईट वागले गं मी." हेसुद्धा त्या अशा आवाजात म्हणाल्या की कुंपणाबाहेरचे दोघं थांबून बघायला लागले. पोरगी लाजून लाल झाली. "त्यात काय, बाई," ती पुटपुटली.

घरी आल्यावर सगळं ऐकून नवरा म्हणाला, "बंद पडलेलं घड्याळ आणि उत्तम चाललेलं घड्याळ, लांबून दोन्ही सारखीच ऐकू येतात. जवळ जाऊन कान लावावा लागतो."

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"बोलू कधी दिलंस?"

तास बाईंचाच राहिला. शिवाय सकाळचा फोनवरचा वर्गही चालू ठेवा, असं मुख्याध्यापिकांनी सांगितलं, कारण पालकांनाच आता त्याची सवय झाली होती आणि कपाळाच्या आजी तर ऐकेचनात. मग एके दिवशी बाई फोन घेऊन सकाळी सकाळी गुपचूपच्या घरी निघाल्या. वर्ग आज तिथूनच घ्यायचा आणि मांजर कसं उतरतं ते तिनं सगळ्यांना दाखवायचं, असं ठरलं होतं. जिन्यात भट्टीवाले काका भेटले. भुवयांवर पीठ, हातात किल्ली, डोळे मिटत आलेले.

"वरच्या मुलीच्या उड्यांचा त्रास होतो का हो तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"उड्या?" काका जांभई देत म्हणाले. "छे हो. किती दिवस झाले, वर कुणाची हालचालच नाही. मंडळी कुठं बाहेरगावी गेलीत वाटतं." आणि ते दार लावून झोपायला गेले.

बाई जिन्यातच थबकल्या. मग त्यांनी पायांतले बूट काढून हातात घेतले आणि उरलेल्या पायऱ्या चवड्यांवर चढल्या.

थोड्या वेळानं वर्ग सुरू झाला. पडद्यावर चौकोन उघडले, आणि त्यात आता बरेच चेहरे होते. लांब वेणीची मुलगी खोलीच्या मधोमध उभी राहिली. शेजारी तोफबाई. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, हात वर-खाली होत होते, पण ऐकू काहीच येत नव्हतं. वर्गात गलका झाला.

"बाई, तुमचा माइक बंद आहे!" पंखा ओरडला. "बाई, आवाज येत नाहीये!"

तोफबाई फोनजवळ आल्या, अगदी जवळ, आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजल्या.

"चालू आहे रे, बाळा. खाली माणूस झोपलंय."